साप विकत घेण्याआधी

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. सापांचं वेड त्याला शाळेपासून आहे. कात्रजच्या सर्पोद्यानात त्याला घेऊन गेलं, की तो काचेसमोरून हलायचा नाही. परवा तो माझ्याकडे आला तो एक फोटो घेऊनच. तपकिरी-सोनेरी नक्षीचं, वेटोळं करून बसलेलं बॉल पायथनचं पिल्लू. म्हणाला, "मावशी, हा बिनविषारी आहे, चावत नाही, खोलीत राहतो. विकणारा म्हणतो सगळे पेपर्स आहेत. तू फक्त आईला समजाव."

मी जिल्हा परिषदेत नोकरी केली, शासन निर्णय आणि परिपत्रकं वाचण्यातच उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे त्याला म्हटलं, "आईशी बोलेन, पण आधी कायदा काय म्हणतो ते आपण दोघं मिळून बघू. पेपर्स आहेत म्हणतो ना, मग कोणते ते कळू दे."

आम्ही वनविभागाच्या कार्यालयात गेलो. वनपरिक्षेत्र अधिकारी सज्जन निघाले. आमचं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "साप देशी की परदेशी?" पुढे कायदा वाचताना कळलं, की सगळं या एका प्रश्नावर येऊन थांबतं.

देशी सापाचं उत्तर सरळ आहे. तो पाळता येत नाही, विकता येत नाही, विकत घेता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राणी मारण्याबरोबरच पकडणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, हलवणंही त्यातच धरलं आहे. म्हणजे शेताच्या बांधावरून धामण उचलून बरणीत घातली तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच. २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. आता नाग, घोणस, अजगर, धामण, दिवड हे सगळे पहिल्या अनुसूचीत, वाघ-बिबट्याच्या पंगतीत आहेत. त्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड. इतर गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विषारी की बिनविषारी, हा फरक इथे कामाचा नाही. अजगर बिनविषारी आहे म्हणून सूट मिळत नाही.

त्या कायद्यातलं ५७ वं कलम मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलं. संरक्षित प्राणी एखाद्याच्या ताब्यात सापडला, तर तो बेकायदेशीरपणेच ठेवला आहे असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर असते. "मला माहीत नव्हतं" किंवा "मित्राने ठेवायला दिला होता" एवढ्याने सुटका होत नाही.

अधिकाऱ्यांनी सांगितलं, की आपल्याकडे सापाच्या चोरट्या विक्रीत सर्वांत जास्त हाल मांडुळाचे होतात. बिचारा मातीत राहणारा, उंदीर खाणारा, शेतकऱ्याच्या उपयोगाचा साप. शेपूट तोंडासारखी बोथट, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. घरात ठेवला की पैशाचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, असल्या समजुतींपायी वजनावर त्याचा भाव ठरतो आणि लाखांच्या गोष्टी होतात. वजन वाढावं म्हणून त्याच्या पोटात काहीबाही भरण्याचे प्रकारही होतात. घेणारा फसतो, विकणारा तुरुंगात जातो आणि साप मरतो. ज्याला कुणाला मांडूळ 'मिळवून देतो' असं कुणी सांगेल, त्याने तिथूनच वनविभागाला फोन लावावा.

भाच्याचा आणखी एक प्रश्न होता. मग सर्पमित्र साप कसे पकडतात? त्यांनाही वनविभागाची परवानगी लागते, आणि ती असते घरात शिरलेला साप सुरक्षितपणे त्याच्या अधिवासात नेऊन सोडण्यापुरती. पकडलेला नाग चार दिवस घरी ठेवायचा, गळ्यात घालून फोटो काढायचे, पोरांसमोर खेळ करायचे, हे सर्पमित्राच्या ओळखपत्रात बसत नाही. शिक्षण, संशोधन, सापाचं विष काढून औषध बनवणं अशा कामांसाठी कायद्याच्या १२ व्या कलमाखाली स्वतंत्र परवाना मिळतो. तमिळनाडूत इरुला आदिवासींची सहकारी संस्था अशाच परवान्यावर साप पकडते, विष काढते आणि साप परत सोडते. आपल्याकडे सर्पदंशावर जे प्रतिविष टोचतात, त्याला लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तिथून येतो. छंद म्हणून घरात देशी साप ठेवण्याचा परवाना मात्र या कायद्यात कुठेही नाही.

आता परदेशी सापांकडे वळू. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. आपला मूळ कायदा देशी प्राण्यांसाठी लिहिलेला होता, त्यामुळे परदेशी प्राणी कितीतरी वर्षं त्याच्या कक्षेबाहेर राहिले. दुकानदार "एक्झॉटिक आहे, चालतं" म्हणत, ते या फटीतून. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांना सहा महिन्यांत स्वेच्छेने नोंद करण्याची मुभा दिली. २०२२ च्या दुरुस्तीने 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजातींसाठी चौथी अनुसूची आणली. सगळे अजगर, म्हणजे बॉल पायथनही, त्या करारात आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम आले. अशा प्राण्याची नोंद 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करायची. आधीपासून असलेल्यांसाठी सहा महिने दिले, नव्याने ताब्यात आलेल्यांसाठी ३० दिवस. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. बाहेरून आणायचा असेल तर आधी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि साइटीसचं परवानापत्र लागतं.

ही यादी घेऊन भाच्याने विक्रेत्याला विचारलं. परिवेशवरच्या नोंदणीचा क्रमांक? पिल्लाच्या आईबापांची नोंद? आयातीचा परवाना? विक्रेत्याने पाठवला एका टंकलिखित कागदाचा फोटो. "हा साप कायदेशीर असून पुढील जबाबदारी खरेदीदाराची राहील." खाली एक गिचमीड सही. शिक्का नाही, क्रमांक नाही. भाच्याने पुन्हा क्रमांक मागितला, तेव्हा समोरून उत्तरं येणं बंद झालं.

तो हिरमुसला होता, हे मला दिसत होतं. पण आम्ही दोघांनी मिळून हे साप येतात कुठून ते वाचलं आणि त्याचा चेहरा बदलला. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किट-केकच्या पुड्यांत कोंबलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५ मध्ये त्याच विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे चाळीसहून अधिक विषारी साप मिळाले. विमानाच्या पोटात अन्नपाण्याविना कापडी पिशवीत बांधलेला जीव वाटेतच मेला तर ते कुणाला कळणारही नाही. जो जगतो तो फोटोत सोनेरी दिसतो.

दुसरी भीती निसर्गाची. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत पाळीव प्राणी म्हणून आणलेले बर्मी अजगर निसटले, काही मालकांनीच सोडून दिले. तिथे ते फोफावले आणि रॅकून, ससे यांसारखे प्राणी कित्येक भागांत दिसेनासे झाले. २०२१ मध्ये फ्लोरिडाने त्यांच्या व्यापारावर कडक बंदी घातली, तोवर अजगर सगळीकडे पसरून गेले होते. साप वीस-तीस वर्षं जगतो. शिक्षण संपल्यावर, नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाताना, लग्नानंतर, त्या सापाचं काय करायचं हा प्रश्न आज फोटो बघणाऱ्या पोराला पडत नाही.

एक त्रुटी मात्र आमच्या नजरेत आली. कॉर्न स्नेकसारखा साप साइटीसच्या यादीत नाही, म्हणून नोंदणीच्या या नियमांतही येत नाही. त्याच्या आयातीला परवाना लागतोच, पण देशात शिरल्यावर त्याचा माग ठेवायला काही साधन नाही. नोंदणी सगळ्याच परदेशी सापांना लागू व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाच्याने साप घेतला नाही. त्याच्या आईला मला काही समजवावं लागलं नाही. आता तो एका अनुभवी सर्पमित्राबरोबर जातो. फक्त बघायला, काठीला हात न लावता.

तुमच्या घरात असा हट्ट झाला, तर रागावू नका. मुलाला शेजारी बसवून हे प्रश्न विचारा. देशी की परदेशी? परिवेशवर नोंदणी कुठे आहे? आयातीचा परवाना दाखवता येईल का? यातल्या एका जरी प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळालं नाही, तर व्यवहार तिथेच थांबवा. घरात आधीच परदेशी साप असेल, तर तो शेतात किंवा टेकडीवर सोडू नका, वनविभागाशी बोला. आणि सापाची विक्री कुठे दिसली, तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. सापांवर खरं प्रेम असेल, तर त्यांना विकत घेऊ नका.