सावडीचा अभ्यास

भीमाशंकरच्या पट्ट्यात कॉलेजला जाणाऱ्या पोरांचा दिवस एसटी ठरवते. रात्री गावात मुक्कामाला आलेली गाडी पहाटे खाली उतरते. तळेघर, राजपूर, तेरुंगणकडची पोरं ती धरतात, डिंभ्यावरून घोडेगाव गाठतात, काही पुढं मंचरला जातात. परतीची गाडी चुकली तर रात्र कुणाच्या तरी ओसरीवर काढायची. त्यामुळे तास संपल्यावर सरांजवळ थांबून "हे पुन्हा एकदा सांगा" म्हणायला सवडच नसते. शंका येते ती रात्री, घरी जर्नल उघडल्यावर, आणि तेव्हा विचारायला जवळ कुणी नसतं. शिकवणीला इथं पैसे लागतात हे खरंच. पण पैसे असले तरी ती संध्याकाळी सातनंतर, गावात मिळायला हवी.

*

विज्ञान शाखेतली एक मुलगी. दहावीपर्यंत आश्रमशाळेत, सगळं मराठीतून. अकरावीला पुस्तक इंग्रजी झालं. तिला त्वरण पक्कं येत होतं, गणितंही सुटत होती. ॲक्सिलरेशन म्हणजे तेच त्वरण, हे तिला नोव्हेंबरात कळलं. जुलै ते नोव्हेंबर ती स्वतःला ढ समजत होती. पुढं कॉलेजच्या पहिल्या वर्षी हेच पुन्हा झालं, फक्त शब्द वाढले होते.

ही अडचण सोडवायला मोठा क्लास लागत नाही. शेजारच्या वाडीतला, एक वर्ष पुढं असलेला मुलगा दहा मिनिटांत सांगू शकतो. त्याला हे कुणी सांगायला सांगितलेलं नाही, एवढंच.

*

डोंगराचं वेळापत्रक आणि विद्यापीठाचं वेळापत्रक एकमेकांना छेदतात. प्रवेश आणि पहिले तास चालू होतात तेव्हा भाताची आवणी असते. दुसऱ्या सत्राची परीक्षा येते तेव्हा बाळहिरडा गोळा करायचा असतो. हिरडा म्हणजे महादेव कोळी घरांत वर्षाचा रोख पैसा; त्यातूनच फी, त्यातूनच पुस्तकं. झाडावर चढणारे हात तरुणांचेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोडली, त्याच वर्षी करोनामुळे कॉलेजं बंद होती आणि रेंजसाठी पोरं मोबाइल घेऊन टेकडीवर बसत होती. त्या वर्षी राहिलेले विषय काहींचे राहिलेच.

आवणीत बुडालेले तास सप्टेंबरात भरून द्यायची सोय असली पाहिजे. हजेरीचा नियम दाखवून हा प्रश्न मिटत नाही.

*

विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७–२०१२) अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी रीमिडियल वर्गांना पैसे दिले. योजना चांगली होती. मी पाहिलेल्या एका ठिकाणी मात्र तो वर्ग शेवटच्या तासानंतर ठेवला होता, म्हणजे गाडीच्या वेळेला. आणि त्याला सगळे "कच्च्यांचा वर्ग" म्हणत. त्या दारातून आत जाताना पोरांच्या माना खाली असायच्या. दोन महिन्यांत बाकं रिकामी झाली, आणि निष्कर्ष निघाला की मुलांनाच गरज वाटत नाही.

अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत १९७३ मध्ये डीॲना मार्टिन यांनी वेगळी वाट काढली. कच्ची मुलं शोधायची नाहीत, अवघड विषय शोधायचे. ज्या विषयात पुष्कळ जण नापास होतात, त्याला एक वरच्या वर्गातला विद्यार्थी जोडून द्यायचा, आणि बैठक सगळ्यांना खुली. जाणाऱ्यावर कसलाही शिक्का नाही. आपल्याकडे सांख्यिकी, अकाउंट्स, सेंद्रिय रसायन आणि अनिवार्य इंग्रजी या चारच विषयांना हे केलं तरी फार मोठं काम होईल.

*

अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठाची एक गोष्ट इथं टिपून ठेवतो. १९७० च्या दशकात युरी ट्रायसमन तिथं गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मागं का पडतात, हे पाहायला ते मुलांच्या मागोमाग त्यांच्या खोल्यांपर्यंत गेले. ती मुलं आळशी नव्हती, घरून प्रोत्साहनही होतं. ती एकेकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून गणितं सोडवत, एकमेकांची वही तपासत. ट्रायसमन यांनी मग गटाने बसायची कार्यशाळा काढली, गणितं सोपी न करता उलट अवघड दिली, आणि निकाल बदलले.

हे वाचलं तेव्हा मला आपली सावड आठवली, एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं राबायची रीत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात भाताची खाचरं पडकईनं तयार झाली आहेत. आज तुझ्या उतारावर सगळी वाडी बांध घालणार, उद्या माझ्या. ज्याचं काम त्यानं जेवण द्यायचं, मजुरी कुणी मागायची नाही. आवणीही तशीच. हे सगळं जाणणारा मुलगा कॉलेजात गेल्यावर एकटा पडतो, कारण तिथं शेजाऱ्याला विचारणं म्हणजे कमीपणा, आणि परीक्षेत तर कॉपी. अभ्यास सावडीनं करता येतो, हे त्याला कुणी सांगत नाही. त्याच्या घरात मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

*

स्वयम् नावाच्या दोन योजना आहेत. एक आदिवासी विकास विभागाची, २०१६ पासूनची, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांच्या खात्यावर राहण्या-जेवणाचे पैसे देते. दुसरी केंद्र सरकारची, २०१७ ची. मोबाइलवर अभ्यासक्रम देते. दोन्ही हव्यात. शेजारी बसून वहीत बोट ठेवून चूक दाखवणारं माणूस मात्र दोन्हींत नाही.

*

जुलै २०१८. वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर देण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडं पायी निघाले. मंचर, नारायणगाव याच रस्त्यावर. बातम्यांत पैशांचा वाद दिसला. मला त्यात अभ्यासाची वेळ दिसली. संध्याकाळी भाकरीची सोय स्वतः करायची म्हटलं की दोन तास गेले, आणि ते दोन तास एकत्र बसण्याचे असतात.

*

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. दोघांनीही गावाकडच्या मुलाला आधी छप्पर, ताट आणि सोबत दिली.

*

श्रावणात भीमाशंकरला जादा गाड्या सुटतात. परीक्षेच्या महिन्यात घोडेगावहून वर रात्री आठला एक जादा गाडी सुटावी, ही आगाराला विनंती आहे.

दुसरी विनंती या डोंगरातून शिकून बाहेर पडलेल्यांना. तुम्ही बीएस्सी, बीकॉम, एमए झालात, आता चाकणला, मंचरला, पिंपरीला नोकरी करता. महिन्यातले दोन रविवार गावी येताच. येताना जुन्या वह्या आणा, कुणाच्या तरी पडवीत बसा आणि वाडीतल्या कॉलेजच्या पोरांना बोलवा. घोडेगाव, मंचर, जुन्नरला राहत असाल तर जवळच्या वसतिगृहाच्या गृहपालांना भेटून आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घ्या. येत्या आवणीनंतर सुरू करा.