जमाखर्चाच्या वहीतील कलावंत

सांस्कृतिक धोरणाचे संशोधन म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आम्हांस गेली बारा-तेरा वर्षे सातत्याने विचारला जातो. शाळेत इतिहास शिकविणाऱ्याने उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुटीत प्रश्नावलीचे कागद घेऊन खेडोपाडी हिंडावे, वृद्ध गायकांच्या ओसरीवर तासन्‌तास बसावे, याचे अनेकांना नवल वाटते. काहींच्या मते आम्ही गाणी गोळा करतो, तर काहींच्या मते आम्ही मानधन मिळवून देतो. खरे काम याहून रुक्ष आहे. शासन कलेवर जो पैसा खर्च करते तो कोणत्या नियमाने, कोणाच्या शिफारशीने, कोणता कागद पाहून, कोणापर्यंत पोचतो आणि कोणाच्या दारावरून पुढे निघून जातो, याची छाननी करणे हे ते काम होय.

14 जानेवारी 1994 रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या काळात आम्ही इतिहासात एम. ए. करीत होतो. वर्गात दप्तर कसे वाचावे, साधनाची विश्वसनीयता कशी पारखावी, हे शिकविले जात होते. आणि वर्गाबाहेर ज्या गाण्यांनी ते आंदोलन सोळा वर्षे जागते ठेवले, त्या गाण्यांचे गायक कोणत्याच दप्तरात नव्हते. ही विसंगती मनात रुतून बसली. पुढे जिल्ह्यातील लोककलावंतांच्या पाहणीसाठी एका अभ्यासगटाने स्थानिक शिक्षकांची मदत मागितली, तेव्हा दोन सहकाऱ्यांसह आम्ही त्या कामात उतरलो.

ज्या परंपरेचा आम्ही शोध घेत होतो, ती काही अज्ञात नव्हती. महात्मा फुले यांनी 1873 साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा बांधा घ्यावा आणि आशय मात्र प्रबोधनाचा ठेवावा, ही त्यांची रीत होती. बाबासाहेबांच्या चळवळीत तीच रीत आंबेडकरी जलशांनी स्वीकारली. शिक्षण, मंदिरप्रवेश, व्यसने, लग्नातील कर्ज अशा विषयांवरचे संवाद गावोगाव पोचले. नाशिककडील भीमराव कर्डक यांनी स्वतः जलसा चालविला आणि 1978 साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हा ग्रंथ लिहून त्या इतिहासाला आधार दिला. धर्मांतरानंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्ट्यांनी घेतली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक (1922–2004) यांची नाममुद्रा त्या काळावर आहे. परंतु वामनदादांच्या मागे, त्यांच्याच वाटेवर चालणारे शेकडो गायक, ढोलकीवादक, पेटीवादक व झीलकरी होते. त्यांची नावे कोठे आहेत, हा आमचा प्रश्न होता.

आता धोरणाकडे वळू. महाराष्ट्र शासनाने 2010 साली राज्याचे सांस्कृतिक धोरण जाहीर केले. त्याचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. आ. ह. साळुंखे होते. 2024 साली सुधारित धोरणही आले. या दस्तऐवजांपेक्षा कितीतरी जुनी योजना म्हणजे वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची; ती 1954-55 पासून चालत आली आहे. वयाची 50 वर्षे पूर्ण केलेल्या गरजू कलावंताला दरमहा ठरावीक रक्कम मिळते. आमच्या पाहणीच्या काळात कलावंतांची राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशी प्रतवारी होती आणि त्यानुसार रक्कम कमी-अधिक होती. 2024 साली ही प्रतवारी रद्द झाली, सर्वांना दरमहा 5,000 रुपये ठरले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

योजनेच्या शब्दांत कोणाविषयीही आकस नाही. अडचण सुरू होते ती पुराव्यापाशी. कलेची सेवा केल्याचे प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातील कात्रण, आकाशवाणीचे पत्र, कार्यक्रमाची छायाचित्रे हे सारे ज्याच्यापाशी असते, तो बहुधा शहराजवळचा, लिहित्या-वाचत्या मंडळींच्या ओळखीचा कलावंत असतो. वस्तीत, बत्तीच्या उजेडात, पहाटेपर्यंत गाणाऱ्याचे छायाचित्र कोण काढणार होते? आम्ही भेटलो त्या गायकांपैकी बहुतेकांपाशी पुरावा म्हणून दाखविता येईल असे एकच साधन होते, ते म्हणजे त्यांचा गळा. आणि गळा अर्जाला जोडता येत नाही.

असेच एक गायक आम्हांस भेटले. वय सत्तरीच्या पुढे, हातावर पोट, गाणी सारी मुखोद्‌गत. त्यांचा अर्ज पुराव्याअभावी परत आला होता. परत आलेला तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. आम्ही तो वाचून दाखविला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, म्हणजे आम्ही गायलोच नाही असं म्हणायचंय का त्यांना?” या प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रश्नावलीच्या कोणत्याही रकान्यात नव्हते.

इतिहासाचा विद्यार्थी अशा वेळी दुसरे साधन शोधतो. जयंतीला वर्गणी गोळा होते, आणि जेथे वर्गणी तेथे हिशेब असतोच. हा धागा धरून आम्ही अकरा गावांतील विहारांत व जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी जयंती मंडळाच्या वह्यांचा शोध घेतला. सात गावांत त्या वाळवीने खाल्ल्या होत्या किंवा रद्दीत गेल्या होत्या. चार गावांत सापडल्या. त्यांपैकी एका लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत, 1974 सालच्या एप्रिलच्या पानावर, निळे कागद, खोबरे व बत्तीचे भाडे यांच्या खाली त्या गायकांचे नाव, त्यापुढे ‘गायन पार्टी बिदागी’ आणि 51 रुपयांची नोंद होती. पुढील नऊ वर्षांत ते नाव आणखी पाच वेळा आले होते.

अर्ज पुन्हा दाखल झाला. नोंदणी नसलेल्या मंडळाची वही पुरावा कशी मानावी, अशी हरकत निघाली. ग्रामपंचायतीचा दाखला, दोन शेजारगावांच्या वह्यांतील नोंदी आणि तीन ज्येष्ठ नागरिकांचे जबाब जोडल्यावर, पावणेदोन वर्षांनी मानधन मंजूर झाले. सामुदायिक उत्सवाचे हिशेब हे कलासेवेचे साधन म्हणून ग्राह्य धरावे, ही शिफारस आमच्या अहवालात तेथून आली.

परंतु याच वहीने आम्हांस दुसरी गोष्टही दाखविली. बिदागी पार्टीप्रमुखाच्या नावे लिहिली जाई. त्यांच्या पाठीशी तीस वर्षे ढोलकी वाजविणारे वादक त्या वहीत नाहीत. त्यांच्या पत्नी झील धरीत असत, त्याही नाहीत. ढोलकीवादक मानधनाविना गेले. गायकांच्या पत्नीने अर्ज करण्यासच नकार दिला. “माझं नाव कुणी लिहिलं होतं?” असे त्या म्हणाल्या. म्हणजे शासनाच्या दप्तराने ज्यांना वगळले त्यांना आपल्या वहीने सामावून घेतले, आणि आपल्या वहीने ज्यांना वगळले ते सर्वस्वी अंधारात राहिले. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या आपण सर्वांनी या दुसऱ्या वगळण्याचा विचार अधिक कठोरपणे केला पाहिजे, असे आम्हांस वाटते. कारण ते दुरुस्त करण्यासाठी कोणाच्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

हे अशक्य नाही. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. बाबासाहेबांवरील ओव्याही त्यांत आहेत, आणि ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे व तिच्या गावाचे नाव नोंदविले आहे. कष्टकरी स्त्रीचे नाव लिहून ठेवता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज अनेक गावांत व शहरांत आहेत. त्यांना आणि पालकबांधवांना आमची विनंती एवढीच आहे. घरातील जुनी ट्रंक रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकदा उघडावी. जयंतीच्या वह्या, हस्तपत्रके, गाण्यांच्या चोपड्या, ध्वनिफिती जे सापडेल त्याची प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी; मूळ वस्तू आपल्यापाशीच ठेवावी. आणि येत्या जयंतीचा हिशेब लिहिताना ‘गायन पार्टी’ एवढेच न लिहिता गाणाऱ्यांची, वाजविणाऱ्यांची आणि झील धरणाऱ्यांची नावे पूर्ण लिहावीत. त्यासाठी वहीतल्या चार ओळी अधिक लागतील.