पोळा आणि पोलो

तर झालं असं. पोळ्याला घरी जायचं म्हणून पुण्याहून गाडी काढली आणि समृद्धीवरून आर्वी गाठली. गाडी म्हणजे माझी लाडकी पोलो जीटी. इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, पण ताकद १०५ पीएस. दिसायला साधी, पाय दाबला की कळतं! २०२२ मध्ये पोलो आपल्याकडे बंद झाली, त्यामुळे जीव आणखीनच जडलेला.

पोळ्याच्या सकाळी तिला शेतात नेलं. आमच्याकडची कपाशीची काळी माती ज्यांनी पावसाळ्यात पाहिली नाही त्यांना काय सांगणार? पाणी लागलं की फुगते, चिकटते आणि वाळली की दगड. परत येईपर्यंत पांढरी गाडी अर्धी काळी. मला मात्र ते ध्यान भलतंच आवडलं. थेट रॅलीतून आल्यासारखी! चकचकीत स्पोर्टी गाडी म्हणजे बूट न मळलेला फुटबॉलपटू. अशीच ऑफिसच्या पार्किंगमध्ये मिरवायची, ठरलं.

शिवाय तांत्रिक मुद्दाही तयार होता. रंगावरचा पारदर्शक थर केसापेक्षा पातळ असतो. धुळीवर रोज कोरडं फडकं मारलं की वाळूचे कण त्यावर बारीक ओरखडे काढतात. म्हणजे न पुसलेलीच बरी, नाही का?

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"पोळ्याले बैल असा नेते का रे कोणी?"

"बाबा, हा बैल नाही."

"मंग तं लाथही मारणार नाही. धुवाले काय झालं?"

आमच्याकडे आता बैल नाहीत. शेवटची जोडी विकली, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. तेव्हापासून बाबा पोळ्याला तोरणाकडे फिरकत नाहीत, दिवसभर घरातच असतात. त्या दिवशी मात्र स्वतःहून बादली घेऊन आले. मग मी कसला वाद घालतोय!

फडक्याला त्यांनी हातच लावला नाही. आधी वरून खाली नुसतं पाणी. माती भिजू दिली, मग हळूहळू हाताने सोडवली. डिटेलिंगवाले हेच सांगून हजारो रुपये घेतात :-) चाकांच्या आतून तर ढेकळंच निघाली. ती तशीच वाळली असती तर चाकांचा तोल जाऊन वेगात स्टिअरिंग थरथरलं असतं, आणि मी रस्त्याला शिव्या घातल्या असत्या.

डाव्या पुढच्या टायरवर बाबांचा हात थांबला.

"हे पाय. टेंगूळ."

बाजूच्या भिंतीला लिंबाएवढा फुगवटा. कुठल्यातरी दगडावर आपटून आतले धागे तुटलेले, हवा रबराला बाहेर ढकलतेय. असा टायर कधीही फुटतो. आणि मी दुसऱ्या दिवशी समृद्धीवर १२० ने निघणार होतो. चिखलाखाली तो मला दिसलाच नसता.

मी गप्प. बाबा हात धूत म्हणाले, "बैल काय फक्त दिसाले धुतो? खांद्यावर जखम हाय का, खुरात काटा हाय का, धुतल्याबिगर समजते का?"

स्टेपनी चढवली, वर्ध्याला नवा टायर घेतला, मगच निघालो.

असो. माझ्यापुरता वाद मिटला. चिखलातला एक फोटो काढायचा (तेवढी हौस माफ!) आणि लगेच बादली घ्यायची. आता दर रविवारी बाबांचा फोन येतो. माझी तब्येत नंतर, पहिला प्रश्न ठरलेला.

"धुतली का?"