गिरणीतला दादा

कादंबरीकाराला वेडाचे मोठे आकर्षण असते. नायिका भ्रमिष्ट झाली की दोन प्रकरणे आपोआप लिहून होतात, आणि शेवटी ती एक तर बरी होते, नाही तर मरून तरी जाते. मीही चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, तेव्हा हे धंद्यातले गुपित मला ठाऊक आहे. परंतु ज्या घरात मी राहतो तिथे यांपैकी काहीच घडत नाही. माझा थोरला भाऊ गेली सत्तावीस वर्षे आजारी आहे. तो पुरता बरा होत नाही. आणि, देवाची दया, आम्हाला सोडून जातही नाही. सकाळी उठतो, गोळी घेतो, आणि नऊच्या ठोक्याला पिठाच्या गिरणीत जातो. ह्याची कादंबरी होत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. दादाला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, "लिही. पण शेवटी मला शहाणा करू नकोस. लोक मग वाट बघत बसतात."

दादा तेव्हा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. घरात हुशार तो; मी आपला कसाबसा मॅट्रिक. परीक्षेच्या आधी त्याने खोलीच्या खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. समोरच्या वाड्यातले लोक आपल्याबद्दल बोलतात, असे म्हणू लागला. पुढे वाड्याचीही गरज उरली नाही. दोन पुरुष त्याच्याविषयी आपसात बोलत. एक त्याची बाजू घेई, दुसरा शिव्या देई. आईला वाटले, बाहेरचे काही असावे. ती त्याला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेली व महिनाभर राहून प्रदक्षिणा घालीत राहिली. शिकलेले लोक याला हसतात; मी हसणार नाही. आमच्या आजोबांच्या एका चुलतभावाला माजघराच्या खांबाला बांधून ठेवीत असत. आईने निदान मुलाचा हात हातात धरला होता.

रोगाचे नाव पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले: स्किझोफ्रेनिया. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. शब्द चांगला आहे, पण बाजारात चालत नाही. बाजारात चालणारे शब्द निराळे. आमच्याकडे "याला येरवड्याला न्या" म्हणतात. कोकणात रत्नागिरी, मुंबईकडे ठाणे, विदर्भात नागपूर. सरकारने जिथे जिथे मनोरुग्णालय बांधले, त्या त्या गावाचे नाव आपण शिवीला लावले. शाळेत भूगोल शिकवताना ही नावे आली की मागच्या बाकांवर खसखस पिकते. मी तेवढ्यापुरता फळ्याकडे वळतो.

वास्तविक हा रोग काही दुर्मिळ नाही. शंभरांत सुमारे एकाला तो आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतो, आणि बहुधा ऐन विशीच्या आसपास. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध अशा रोग्यांना प्रथम देण्यात आले, आणि जगभर साखळदंड सैल होऊ लागले. त्यानंतर पुष्कळ नवी औषधे निघाली. दादाचे आवाज दोन महिन्यांत मंदावले. आम्ही पेढे वाटले. आणि मग सहा वर्षे दादा खाटेवर बसून राहिला.

हे कोणी आधी सांगत नाही. औषध आवाज कमी करते, संशय घालवते. पण अंगातला हुरूप परत आणून देत नाही. अंघोळ नको, मित्र नकोत, गाणे नको. हात कापतो, वजन वाढते. पाहुणे म्हणत, "आता तर बरा दिसतो, मग काही करत का नाही?" आवाज ऐकणाऱ्या दादाची लोकांना भीती वाटे, गप्प बसलेल्या दादाचा त्यांना राग येऊ लागला. हा आळससुद्धा रोगाचाच भाग आहे, हे मला पुण्यात रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका गटात कळले. अशा गटांच्या मागे एक मोठा माणूस आहे. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी १९९७ साली पुण्यात या आजारासाठी संस्था उभी केली, आणि २००४ साली आलेल्या 'देवराई' ह्या चित्रपटाच्या पाठीशीही तेच होते. मी गेलो त्या गटात एक निवृत्त कारकून होते. ते म्हणाले, "मास्तर, तो काय करत नाही ते मोजू नका. काल केले नाही असे आज काय केले, तेवढे वहीत लिहा." मी वही घातली. पहिल्या महिन्यात तीन ओळी झाल्या. तिसरी ओळ अशी: दळण आणले.

तिथून पुढचे गिरणीवाल्या काकांचे पुण्य. दळण घेऊन दादा निघेना, तासभर तिथेच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. काकांनी कारण विचारले नाही, डब्यांवर खडूने नावे घालायला दिली. कारण मला पुष्कळ दिवसांनी कळले. गिरणी चालू असली म्हणजे ते दोघे बोलत नाहीत. किंवा बोलले तरी ऐकू येत नाहीत. आता एकोणीस वर्षे तो तिथे आहे. वजन करतो, हिशेब ठेवतो, ज्वारीनंतर गहू लावताना जाते झाडतो. पगार थोडा आहे. मधे दोनदा आजार उलटला, दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले. दोन्ही वेळी काकांनी त्याचे स्टूल रिकामे ठेवले.

२०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला व पुढल्या वर्षी मे महिन्यात लागू झाला. आपल्यावर उपचार कसे व्हावेत नि कसे होऊ नयेत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क त्याने रोग्याला दिला आहे. दादाने दळणाच्या वहीतल्या कागदावर तीन कलमे लिहिली. न सांगता सुई टोचू नये. न्यायची वेळ आली तर धाकट्या भावाने सोबत यावे, गल्लीतली माणसे बोलावू नयेत. गिरणीतली जागा दुसऱ्याला देऊ नये. तिसरे कलम कायद्यात बसत नाही, असे वकील म्हणाले. मी ते खोडले नाही.

यंदा मुलीचे लग्न पाहतो आहोत. घरात चर्चा झाली, सांगायचे की नाही? आई म्हणे, "वेगळं बिऱ्हाड आहे म्हणावं." रक्ताचाच प्रश्न असेल तर तोही डॉक्टरांना विचारला: आईबापांपैकी एकाला हा आजार असला तर मुलांत शंभरांत दहाएकांना होतो, पुतण्या-पुतणीच्या बाबतीत प्रमाण त्याहून बरेच कमी. पण आकडा घेऊन कोणी मुलगी पाहायला येत नाही. आम्ही पहिल्याच भेटीत, पोहे यायच्या आत, सांगून टाकले. स्थळ गेले. दुसरेही गेले. मुलगी त्या रात्री जेवली नाही, आणि दादा दोन दिवस तिच्यासमोर आला नाही. तिसऱ्या दिवशी तीच त्याचा डबा घेऊन गिरणीत गेली.

आता तिसरे स्थळ आले आहे. सांगितल्यावर मुलाने एवढेच विचारले, "काकांना भेटता येईल का?" दादाला हे कळल्यावर त्याने पिठाचा सदरा बदलावा की नाही याचा फार विचार केला. मुलाकडच्यांना दिवाळीनंतरचा सोमवार सोयीचा होता. सोमवारी गिरणी बंद असते, आणि तो दिवस दादाला जड जातो. म्हणून मी मंगळवार कळवला आहे.