साखळी

३ जुलै
काका दुपारी ॲडमिट झाले. साताऱ्याकडचे निवृत्त भूकरमापक. पार्किन्सन जुना, उजव्या हातातला पेला ओठाला लागेस्तोवर निम्मं पाणी शर्टावर. शुक्रवारी दोन्ही बाजूंची डीबीएस, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मी कागदावर मेंदू काढून सांगत होतो: सबथॅलॅमिक न्यूक्लियस शेंगदाण्याहून बराच लहान, त्यात सव्वा मिलिमीटर जाडीची तार सोडायची. ती दोनेक मिलिमीटर बाहेरच्या अंगाला गेली, तर करंट शेजारच्या मज्जातंतूंत शिरतो. तोंडाचा कोपरा ओढला जातो, बोलणं अडखळतं.

काकांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "आमची तेहतीस फुटी साखळी ओढून ओढून लांबायची. कड्या झिजतात. मग दहा वेळा मोजा, दहाही वेळा तेच उत्तर, आणि दहाही वेळा चूक. तुमची साखळी कोण तपासतं?"

संध्याकाळी फँटम काढला. त्यातल्या टोकाची जागा आधीच पक्की ठाऊक असते. डोक्यावर बसवायच्या फ्रेमसकट सीटी केला, आकडे लावले, सुई सोडली. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक. एक मिलिमीटर जाडीचे काप घेतले होते. तीनचे घेतले असते तर उंचीचा अंदाज तिथेच ढिला पडला असता. पण फँटम प्लॅस्टिकचा. तो श्वास घेत नाही, त्यातून पाणी गळत नाही.

४ जुलै
एमआरआय. न्यूक्लियस दिसतो तो इथेच, आणि चित्र वाकवतो तोही हाच. चुंबकाचं क्षेत्र मध्यापासून दूर गेलं की सरळ राहत नाही. नाकामागच्या हवेच्या पोकळ्यांपाशी तर आणखी बिघडतं. आपलं टार्गेट खोल, मध्याजवळ, म्हणून बरंचसं निभावतं. सीटी भूमितीला इमानदार, पण त्यात न्यूक्लियस धड दिसत नाही. म्हणून एकावर दुसरं बसवायचं. सॉफ्टवेअरने हिरवी खूण दिली, तरी कमिशर्स आणि व्हेंट्रिकलच्या कडा मी स्वतः जुळवून पाहिल्या.

रेसिडेंटने विचारलं, चार टप्प्यांत एकेक मिलिमीटर चुकलं तर एकूण चार ना? नाही, चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या, कधी इकडे कधी तिकडे असल्या, तर साधारण दोन. सगळ्या एकाच अंगाला झुकल्या तर मात्र चार. काकांची साखळी ती हीच.

५ जुलै
सकाळी सहाला जागा बधिर करून फ्रेम बसवली, चार पिना. सीटी, प्लॅन, ओटी. फ्रेमचा मध्य १००. टार्गेट एका बाजूला ८८, दुसऱ्या बाजूला ११२. पहिली बाजू डावी, म्हणजे ११२. मी मोठ्याने "अठ्ठ्याऐंशी" वाचलं. सिस्टर म्हणाल्या, "सर, आज आधी डावी आहे." चोवीस मिलिमीटर! अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या हिशेबात ही चूक कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून आमच्याकडे दोघांनी वेगवेगळं वाचायचा नियम आहे. आज तो माझ्याच कामी आला.

डावी सुरेख. आवाज ऐकायला समांतर वाटांनी सोडलेल्या इलेक्ट्रोडपैकी मधल्यावर न्यूक्लियसचा तो दाट खरखराट, पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा. करंट दिला आणि काकांचा हात थांबला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

उजवीपर्यंत तास-दीड तास गेला होता. ड्युरा उघडला की मेंदूभोवतालचं पाणी झिरपतं, त्याची जागा हवा घेते, आणि उताण्या माणसाचा मेंदू मागे खचतो. डोकं थोडं वर ठेवलं होतं, भोक सलाइनने भरून गोंद लावला होता, तरीही. १९४७ साली फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी माणसावरची पहिली स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रिया केली, तेव्हा आतल्या खुणा एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून ते मुद्दाम हवा भरत. आम्ही त्याच हवेला घाबरतो. मधल्या वाटेवर आवाज तोकडा आला. दोन मिलिमीटर मागच्या वाटेवर भरघोस. तार तिथे ठेवली. पडद्यावरचा प्लॅन अजूनही मधलीच वाट बरोबर म्हणत होता, कारण तो सकाळचा मेंदू दाखवत होता.

६ जुलै
सीटीत कपाळामागे हवेचा काळा पट्टा. ती शोषली गेली की मेंदू वर येईल, तारही किंचित वाकेल. खरं माप काही आठवड्यांनी. तरी आजचं घेतलं.

काका उशीला टेकून चहा पीत होते. कप उजव्या हातात, बशी कोरडी. मशीन अजून चालू नाही. नुसती तार गेल्याने काही दिवस असा आराम पडतो, तो टिकत नाही, हे सांगितलं.

"चूक किती आली?"

"डावीकडे पाऊण मिलिमीटर, उजवीकडे दीड."

"कुठल्या दिशेला?"

परत येऊन वर्षभराची वही उघडली. प्रत्येक पेशंटपुढे आकडा आहे. दिशेचा रकानाच नाही.