टाक

परवा रूममेटच्या गळ्यात एक नवीन पेंडंट दिसलं. गोल चकतीवर मधून आठ दिशांना गेलेल्या काड्या, प्रत्येकीच्या टोकाला वेगळी नक्षी. "वेग्विसिर! व्हायकिंग लोकांचं होकायंत्र. हे ज्याच्याजवळ, तो वादळात वाट चुकत नाही." अख्खी विंग बघायला जमली. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, तरी मी रात्री हेच शोधत बसलो.

गंमत म्हणजे हे चिन्ह आइसलँडच्या ज्या हस्तलिखितात आहे, ते १८६० सालचं. तेव्हा बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन सात वर्षं झाली होती! व्हायकिंगांचा काळ त्याआधीच, अकराव्या शतकात संपला. ते गळ्यात घालायचे तो थॉर देवाचा हातोडा. डेन्मार्कमध्ये तर एक दगडी साचा सापडलाय, त्यात हातोडा आणि क्रॉस दोन्ही ओतायची सोय. गिऱ्हाईक मागेल ते!

हसलो, आणि एकदम माझा टाक आठवला.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला देव. तो देव्हाऱ्यात असतो, काही जण गळ्यातही घालतात. माझ्यावर घोड्यावरचा खंडोबा होता, मागे म्हाळसा. दौंडच्या आजीनं स्वतःची जोडवी मोडून करून घेतलेला. कॉन्व्हेंटमध्ये मुलं मला 'तावीज' म्हणून हाक मारायची. सहावीत मी तो काढून कंपासपेटीत टाकला. पेटी कधी हरवली, तेही आठवत नाही. आजी फोनवर विचारायची, "गळ्यात हाय ना रं?" मी म्हणायचो, "हाय." आठ वर्षं.

दिवाळीच्या सुट्टीत शिरूरला घरी न जाता आधी दौंडला उतरलो आणि सोनाराकडे गेलो. त्यांनी डब्यातून धातूचा जुना ठसा काढला. त्यावर पत्रा ठेवून ठोकत गेले तसा हळूहळू घोडा उठला, मग तलवार. अरे, हे तर आमच्या प्रॉडक्शनच्या पेपरातलं डाय! पप्पा रांजणगाव एमआयडीसीत प्रेसवर आयुष्यभर हेच करतात. सोनारकाका म्हणाले, "ठसा आमच्या आजोबांचा. आजीचा टाकबी ह्याच्यातलाच आसंल." म्हणजे नवा अगदी जुन्यासारखाच. मी निर्धास्त घरी गेलो.

आजीनं तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्यो नवा हाय. ह्याच्या कोपऱ्यात भंडारा कुठाय?"

मी गप्प. आठ वर्षांचं 'हाय' घशात अडकलं. शेवटी म्हटलं, "आजी, जुना हरवला. सहावीतच. मी खोटं बोलत होतो."

ती उठली, देव्हाऱ्यातला भंडारा घेतला, घोड्याच्या पायांत, तलवारीच्या खाचेत बोटानं भरला आणि दोरा माझ्या गळ्यात बांधला. "सोमवतीला जेजुरीला ने, देवाला भेटव. आन् हरवला तर सांगत जा, बाबा. मी रोज त्याच्या जिवावर निवांत झोपत हुते."

होस्टेलवर रूममेटनं विचारलं, "हे कुठल्या सीरिजमधलं?"

म्हटलं, "आमच्या घरचं." आणि मग त्याला जोडव्यांपासून सगळं सांगितलं. मेसची वेळ टळली.

हल्ली माझ्या शर्टच्या कॉलरला आतून पिवळा डाग असतो. धुऊनही जात नाही. राहू दे.