नागपूर : दीड तास

माझी ताई 1966 साली लग्न होऊन नागपूरला गेली. तिला पोचवायला धाकटा भाऊ म्हणून मीही गेलो होतो. संध्याकाळी बोरीबंदरला गाडीत बसलो. कसाऱ्याला घाटासाठी मागून जादा इंजिने लागली, भुसावळला मध्यरात्र उलटल्यावर चहा झाला, आणि अकोला, बडनेरा, वर्धा करीत दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर! आगगाडीच्या वाटेने 837 किलोमीटर. मला वाटले, ताई परदेशीच गेली.

गंमत अशी की, त्या काळी नागपूर साऱ्या देशाच्या अगदी हाताशी होते. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. ताईची काही पत्रे तरी त्या वाटेने आली असतील. पत्रे उडत होती. माणसे मात्र धुरळा खात चौदा तासांनी पोचत.

आता माणसेही उडतात. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर. विमानाला लागतो दीड तास. गेल्या भाऊबीजेला मी हा दीड तास घड्याळ लावून मोजला. गिरगावातून अकराला निघालो. टॅक्सीत एक तास. विमानतळावर रांगा, तपासणी आणि नुसते बसणे यांत दोन तास. मग ते विमान. अजिंठ्याच्या डोंगरांवर कुठेतरी असताना खाली पाहिले. कपाशी फुटली असेल, पण एवढ्या उंचीवरून काय दिसणार? चहा संपेतो खाली उतरण्याची सूचना झाली. सामान, रिक्षा, आणि महालातल्या ताईच्या दारात पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. दीड तासाचे पावणेसहा! सूर्य बरा, नागपूरला उगवल्यावर पंचविसेक मिनिटांत तो मुंबईला हजर होतो.

ताई आता ऐंशीची आहे. ओवाळताना तिचा हात कापत होता. ताट खाली ठेवून तिने विचारले, "किती दिवस राहून राहिलास?" (ती आता पुरती नागपूरकर झाली आहे.)

"उद्या सकाळचं विमान आहे, ताई."

ती काही बोलली नाही. निरांजनातली वात सारखी करीत राहिली. मग म्हणाली, "आगगाडीनं येत होतास तेव्हा आठ-आठ दिवस राहायचास. चौदा तास बसून आलेला माणूस लगेच उठत नाही रे!"

मी गॅलरीत जाऊन तिकीट चार दिवस पुढे ढकलले. वरून किती पैसे भरावे लागले, ते मात्र ताईला सांगितले नाही.